मोतनचा नवरा

पनवेलच्या त्या भातगिरणीच्या खळ्यावर दिवाळीपासून वैशाखापर्यंत वीस-बावीस बायका कामाला असत. त्यांत एकटी ठमाबाई अशी होती, की जिच्या पायांचा गिरणीला फारसा उपयोग नव्हता. आणि काम तर पायांचंच होतं. उकडलेलं भात फरशीवर पसरायचं, मग ओळीने उभं राहून त्यातून पाय घासत चालायचं, म्हणजे खालचं वर येतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. दिवसातून पाच वेळा भात असं उलटलं तर ते सारखं वाळतं आणि यंत्रातून सबंध तांदूळ निघतो. तीनदाच उलटलं तर दाणा आतून ओला राहतो, कणी पडते, आणि शेठ मुन्शीला आत बोलावून घेतो.

ठमाबाईचा डावा पाय फार वर्षांपूर्वी, ती बेलपाड्याकडे मिठागरात कामाला होती तेव्हा, चिरला होता. खाऱ्या पाण्यात ती जखम चिघळत राहिली आणि भरली तेव्हा घोटा लाकडासारखा ताठ झालेला होता. बाकीच्या दोन फेऱ्या मारत तेवढ्यात तिची एक होई. तरी मुन्शी बद्रुद्दीनने तिला नऊ हंगाम कामावर ठेवलं होतं. पायांसाठी नव्हे, तोंडासाठी. ठमाबाई गोष्टी सांगे.

गोष्टी राजाराणीच्या, राक्षसांच्या, नागलोकीच्या. एकेक गोष्ट महिना-महिना चाले. त्यांत जादू भरपूर असे, पण ती जादू घरकामाला बिनउपयोगी असे. उडता पलंग उडे खरा, पण त्याची नवार सैल झाली की कोणाला तरी ती ओढून बांधायला बसावं लागे. मागाल ते अन्न देणारी हंडी होती, पण तिच्या बुडाला लागलेली करप राजाच्या धाकट्या सुनेला राख घेऊन खरवडावी लागे, आणि ते खरवडणं ठमाबाई इतकं सावकाश सांगे की ऐकणाऱ्यांच्या मनगटात कळ यावी. राक्षसाचा जीव पोपटात असला तर तो पोपट रोज सकाळी मिरच्या खाणारा असे. त्या मिरच्या आणून देणारी एक गरीब विधवा राक्षसाने वाड्यात ठेवलेली असे, आणि राजपुत्र तलवार घेऊन येवो नाहीतर शंभर घोडेस्वार घेऊन येवो, शेवटी सगळं त्या विधवेच्या मनावर येऊन थांबे.

बायकांना हे पटे. त्यांनी जन्मभर हंड्या घासल्या होत्या. गोष्ट रंगली की त्यांचे पाय आपोआप चालत, आणि पाच फेऱ्यांच्या जागी कधी सहा होत.

या खळ्यावर गोष्टीचा एक कायदा होता. गोष्टीला हुंकार देणारी बाई एकच. पहिल्या दिवशी जिने हुंकार दिला, तिनेच शेवटपर्यंत द्यायचा. वाक्य संपलं की तिने "हूं" म्हणायचं, मग पुढचं वाक्य. तिचा हुंकार थांबला की गोष्ट तिथेच थांबणार, आणि गोष्टीतलं माणूस ज्या जागी असेल त्या जागी अडकून राहणार. दुसरीने मध्येच हुंकार दिला तर तो धरायचा नाही. कोणी हा कायदा केला ते ठमाबाईलाही ठाऊक नव्हतं. तिची आई बेलपाड्याला असाच पाळत असे. एकदा हुंकार देणारी बाई बाळंत झाली, तर एक राणी सव्वा महिना विहिरीत बसून होती, आणि खळ्यावरच्या शहाण्यासुरत्या बायका "राणीला थंडी वाजत असंल" म्हणून हळहळत होत्या.

तेव्हापासून बायका हुंकाराला माणूस बघून नेमत. त्या वर्षी त्यांनी हौसाला नेमलं. कारण कोणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. हौसाच्या पोटी पोर नव्हतं, आणि नवरा दोन वर्षं घरात नव्हता, तेव्हा ती बाळंत होण्याची धास्ती नव्हती.

हौसा पळस्प्याची. चोवीस-पंचवीस वर्षांची, उंच, बोलायला कमी. सासूबरोबर राहायची आणि रोज चालत पनवेलला यायची. तिचा नवरा महादेव मिठाच्या मचव्यावर मुंबईला गेला तो परतलाच नव्हता. मचवा परत आला होता, बाकीचे खलाशी आले होते. ते म्हणाले, "बंदरात उतरला आन म्हनाला, मी मागाहून येतो." सासूने भगताला विचारलं. भगताने तांदळाचे दाणे मांडून सांगितलं, मुलगा जिवंत आहे, येत्या होळीला दारात उभा राहील. हौसाच्या दंडाला काळा दोरा बांधला. होळी आली, गेली. सासू म्हणाली, भगताने होळी सांगितली, कुठली ते सांगितलं नव्हतं.

त्या हंगामाला ठमाबाईने मोतनची गोष्ट धरली होती. मोतन ही मिठाच्या व्यापाऱ्याची सून. तिच्या नवऱ्याचं गलबत मायेच्या खाडीत शिरलं आणि जळराक्षशिणीने त्याला पाण्याखालच्या आरशांच्या महालात नेऊन ठेवलं. मोतनला एका म्हातारीकडून अंगठी मिळाली. अंगठी घासली की खड्यात नवरा दिसे. महाल सात खाड्यांच्या पलीकडे. मोतन पहिली खाडी उतरून दुसरीच्या काठाला आली होती.

हौसासाठी म्हणून ठमाबाईने ही गोष्ट काढली होती असं नव्हे. पण नवरा हरवलेल्या बाईसमोर नवरा हरवलेल्या बाईची गोष्ट सुरू केल्यावर ती तिचीच होणार, एवढं तिच्या वेळेवर लक्षात आलं नाही खरं.

होळीनंतर तीन-चार दिवसांनी हौसा पाय घासता घासता म्हणाली, "मावशी, ती अंगठी त्याला दावते ना?"

"दावते."

"मंग आनत का नाय?"

"अंगठीला पाय नसतात गो. तिनं दावायचं. जायचं मोतननं."

"साती खाड्या?"

"साती."

"आन तवर तो मेला तर?"

ठमाबाईचा पाय भातात थांबला. मागून येणारी शकू तिच्या पाठीवर आदळली. "माजी गोष्ट हाय," ठमाबाई म्हणाली, "मी त्याला मारनार नाय."

"मंग आन ना आज. घास अंगठी आन आन."

"नाय आनता येत."

हौसाने मान खाली घातली. ठमाबाईने पुढचं वाक्य टाकलं, "मंग मोतननं लुगडं वर खोचलं आन दुसऱ्या खाडीत पाय घातला," आणि हुंकारासाठी थांबली. हुंकार आला नाही. तिने पुन्हा म्हटलं. फक्त पाय घासल्याचा आवाज येत राहिला. मोतन एक पाय पाण्यात आणि एक काठावर अशी राहिली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बायका गप्पा मारू लागल्या, आणि गप्पांना गोष्टीसारखी लय नसते. एकीला हसू आलं की ती थांबते, दुसरी तिच्या तोंडाकडे बघायला थांबते. भात तीनदाच उलटलं गेलं.

शकू ही खळ्यावरची सगळ्यांत तोंडाळ बाई. ती जेवणाच्या सुट्टीत ठमाबाईजवळ येऊन बसली. "आन की त्याला, ठमे. तुज्या बापाचं काय जातंय? अंगठी घासली, नवरा हजर. माज्या म्हेवन्याला बोलवायला पन एवडा वेळ लागत नाय, ताडीचं नाव काडलं की दारात."

"तुज्या म्हेवन्यावर गोष्ट सांगू का?"

"सांग. पन संपव एकदाची. मोतनचा पाय कुजला असंल पान्यात."

चौथ्या दिवशी बद्रुद्दीन आला. हा पनवेलचाच कोकणी मुसलमान, पन्नाशीचा, डोक्यावर जाळीची टोपी आणि कानावर पेन्सिल. त्याचा वजनकाटा खळ्याच्या कडेला होता. "ठमाबाई, गोष्ट का बंद आहे?"

"हुंकार नाय, मुन्शीभाई."

"तर मी देतो."

बायकांनी पदर तोंडाला लावले. ठमाबाई म्हणाली, "सुरवातीपासनं ऐकलेली लागते."

"नऊ साल काट्यामागे बसून दुसरं काय करतोय? मोतनच्या सासूचं नाव विचारा, नणंदेचं विचारा." मग त्याने आवाज उतरवला आणि तिला बाजूला घेतलं. "मजाक सोडा. शेठनी काल मूठभर तांदूळ माझ्यासमोर धरला. अर्धी कणी. म्हणाले, खळ्यावर ती लंगडी कशाला ठेवलीय? मी नऊ साल एकच जवाब देतोय, की ती आहे म्हणून बाकीच्या एकवीस जणी चालतात. आता त्या चालत नाहीत. सोमवारपासून दुसरी बाई घ्या म्हणालेत. शनिवारी गोष्ट चालू झाली, भात नीट वाळलं, तर मी बोलून बघेन. त्याच्यापुढे माझ्या हातात काही नाही, खुदाची कसम."

ठमाबाईला त्याचा राग आला नाही. तिला मूल नव्हतं, भाऊ बेलपाड्याला स्वतःच्याच ओढगस्तीत होता, मिठागरावर तिला पुन्हा कोणी घेतलं नसतं. पनवेलात तिची एक खोली होती आणि हे खळं होतं. खळं गेलं की खोली किती दिवस राहणार हे बोटांवर मोजण्यासारखं होतं.

शुक्रवारी गिरणी सुटल्यावर गाढी नदीवर ती लुगडी धुवायला बसली. एक वाक्यच तर सांगायचं. मोतनने अंगठी घासली, नवरा आला. पोरीला बरं वाटेल, शेठला सबंध तांदूळ मिळेल, आपली जागा राहील. कोणाचं काय बिघडणार होतं? लुगडं आपटता आपटता तिने ते वाक्य दोनदा म्हणूनही पाहिलं. म्हणताना तिला एका भगताचं बोलणं आठवलं.

चव्वेचाळीस साली, एप्रिलात, मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तेव्हा तिचा नवरा दादू तिथे हमालीला होता. बेलपाड्याला दोन दिवसांनी कळलं. सासूने भगत आणला. हौसाच्या सासूने आता विचारलं त्याच भगताचा बाप. त्याने दाणे मांडले आणि म्हणाला, मुलगा जिवंत आहे, पडून आहे, घराची आठवण काढतो आहे, बरा झाला की येईल. सासूने त्याला कोंबडं दिलं. ठमाबाईने शनिवार धरले, तुळशीपाशी दिवा लावला. दारातून वाट दिसे तिथे बसून ती जाळी विणायची. अकरा महिने. पुढच्या शिमग्यात उरणचा एक माणूस आला. अर्धा चेहरा भाजलेला. तो म्हणाला, मी इस्पितळात दादूच्या शेजारच्या खाटेवर होतो. त्याचे डोळे गेले होते. सात आठवडे होता. रोज सकाळी विचारायचा, माझी बायको आली का. पावसाळा लागताना गेला.

भगत खोटा नव्हता. हेच ठमाबाईला जन्मभर सलत राहिलं. भगत खोटा असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्याने खरं सांगितलं होतं, दादू जिवंत होता, पडून होता, आठवण काढत होता. हे ऐकल्यावर उठून मुंबईला जायचं, तर त्या दोघी बायका समाधानाने घरी बसल्या. त्यानंतर महिन्याच्या आत तिने बेलपाडा सोडला. पनवेलात तिने सगळ्यांना सांगितलं, नवरा स्फोटातच गेला, त्याच दिवशी.

शनिवारी सकाळी भात पसरून झालं तशी तिने हौसाला हाक मारली. "ये, माज्या बाजूला उभी ऱ्हा. आज आनते त्याला."

हौसाने तिच्याकडे पाहिलं, आणि ओळ बदलून तिच्या शेजारी आली. बावीस बायका चालू लागल्या. काट्यामागे बद्रुद्दीनने पेन्सिल खाली ठेवली.

"मोतन एक पाय पान्यात घालून उभी होती."

"हूं."

"तिला वाटलं, अजून सा खाड्या. कवा जानार आन कवा येनार."

"हूं."

"तिनं अंगठी डोळ्याला लावली, मंग पदरानं घासली. घासली तशी खडा तापला आन त्यातनं धूर निघाला."

"हूं." हौसाचा आवाज बारीक झाला होता.

"धूर सरला तर समोर तिचा नवरा उभा."

"हूं," हौसा म्हणाली, आणि ओळीतल्या सगळ्या बायकांनी सोडलेला श्वास ऐकू आला. ठमाबाईला वाटलं, संपलं. आता दोघांना घरी नेऊन पोचवलं की झालं.

पण नऊ वर्षं तिने या बायकांना दुसऱ्याच सवयी लावल्या होत्या. भामा नावाची एक पोक्त बाई मागच्या ओळीतून म्हणाली, "काठावरच आला का? मंग घरी कशानं गेली दोघं? पयली खाडी परत उतरायची ना?"

"हो, उतरली," ठमाबाई म्हणाली.

"त्याच्या पायात वाहाना होत्या?" शकूने विचारलं. "पान्याखाली होता ना तो. वाहाना कुटल्या?"

"नव्हत्या."

"अंगावर धोतर व्हतं का तेबी नाय?"

बायका हसल्या. ठमाबाई म्हणाली, "होतं गो बाय. चांगलं धुवट धोतर होतं."

"कोनी धुतलं?" हौसाने विचारलं.

तिने हे हळू विचारलं, पण सगळ्यांनी ऐकलं. ती चालायची थांबली होती. "दोन वरसं तो थितं होता. त्याचं धोतर कोन धूत होता? त्याला जेवाया कोन घालत होता, मावशी?"

एकवीस बायकांनी एकदम भाताकडे पाहिलं. शकूने तर पायाच्या अंगठ्याने भातात उगाच एक रेघ ओढली. हौसाने ते पाहिलं.

ठमाबाईच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. जळराक्षशिणीच्या मासोळ्या धुवायच्या, मंतरलेल्या ताटातून जेवण यायचं. तिने ते गिळलं. मग तिने गोष्टीचा आवाज सोडून आपल्या साध्या आवाजात, पायांकडे बघत सांगितलं, "माजा दादू स्फोटात नाय मेला. सात आठवडे जिता होता. आंधळा झालता. भगतानं सांगितलं होतं, जिता हाय म्हनून. मी अकरा महिने घरी बसले. तो रोज इचारायचा, बायको आली का. मी गेले नाय."

 हौसाने हुंकार दिला नाही, कारण ही गोष्ट नव्हती हे तिला कळलं होतं.

मग शकू म्हणाली, "माज्या भावानं बगितलाय महादेवला. शिवडीला, लाकडाच्या वखारीत."

"कवा?"

"दिवाळीच्या आदी."

"तुमा समद्यांना ठावं होतं," हौसा म्हणाली.  भामा काहीतरी पुटपुटली, "तुला कशाला दुखवायचं म्हनून," आणि तिलाच ते लाज वाटण्यासारखं वाटलं असावं, कारण तिने ते पुरं केलं नाही.

"माज्यासंगट कोन येतंय?"

प्रत्येकीच्या घरी पोरं होती, म्हातारी माणसं होती, चूल होती. आज शनिवार, उद्या रविवार, उद्या वखार बंद.

"मी येते," ठमाबाई म्हणाली. "सोमवारी, पयल्या यष्टीनं."

बद्रुद्दीन काट्यामागून उठून उभा राहिला होता. "सोमवारी?" त्याने विचारलं.

"सोमवारी, मुन्शीभाई."

त्याने कानावरची पेन्सिल चाचपली, ती तिथे नव्हती. मग तो खाली बसला.

सोमवारी त्या दोघी ठाण्यावरून विचारत विचारत दुपारी शिवडीला पोचल्या. ठमाबाईचा घोटा सुजून टम्म झाला होता. वखार सापडायला वेळ लागला नाही, महादेव सापडायलाही नाही. तो फळ्या रचत होता. हौसाला पाहून त्याच्या हातातली फळी सुटली नाही की काही नाही. त्याने ती नीट ठेवली, हात पुसले आणि म्हणाला, "चला, घरी चला." जणू ती दर आठवड्याला येत होती.

घर म्हणजे वखारीमागची पत्र्याची खोली. तिथे एक बाई होती, सातारकडची असावी, आणि तिच्या कडेवर रांगत्या वयाचं मूल. तिने दोघींना बसायला घोंगडी टाकली आणि चहा ठेवला. ती घाबरली होती, पण चहात साखर कमी घातली नाही. हौसाने महादेवच्या सदऱ्याकडे पाहिलं. खांद्यावर फाटला होता तिथे बारीक टाक्यांनी शिवला होता, आणि टाके एकसारखे होते.

"तू येनार का नाय, ते तोंडानं सांग," हौसा म्हणाली.

महादेवने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "नाय."

"बरं," हौसा म्हणाली. तिने चहा पुरा प्यायला.  निघताना हौसाने दंडाचा काळा दोरा दाताने तोडला, पण तिथे टाकला नाही. दुसऱ्याच्या घरात कचरा कशाला, म्हणून कनवटीला लावला आणि ठाण्याच्या स्टँडवर टाकला. पनवेलपर्यंत ती रडली. ठमाबाईने तिला गप्प राहा म्हटलं नाही. आपला दुखरा पाय पुढे ताणून ठेवला आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

मंगळवारी ठमाबाईला पाय टेकता आला नाही. बुधवारी ती खळ्यावर गेली तेव्हा तिच्या जागी एक तरुण बाई भरभर पाय टाकत होती. बद्रुद्दीन तिची वाटच पाहत होता. त्याने सांगितलं, खळ्यावरची जागा गेली. आत, यंत्राच्या शेडमध्ये, चाळणीवर बसून करायची एक जागा आहे. रोजची मजुरी कमी मिळेल. शेठना तो म्हणाला होता, तिथे पाय लागत नाहीत, हात लागतात.

"आत यंत्राचा आवाज फार आहे," तो म्हणाला. "तिथे गोष्ट नाही ऐकू यायची कोणाला."

"नसू दे," ठमाबाई म्हणाली.

तसंच झालं. शेडमध्ये पट्ट्यांची फडफड आणि चाकांचा घरघराट, समोरच्या बाईशी बोलायचं तरी हातवारे करावे लागत. भुसा डोळ्यांत, नाकात. ठमाबाई कणी एकीकडे आणि सबंध दाणा एकीकडे करत बसे. खळ्यावर बायका आता गाणी म्हणत. मोतनची गोष्ट कोणी पुढे नेली नाही. शकूने एकदोनदा प्रयत्न केला, पण तिच्या गोष्टीतला राजा सारखा ताडी पिऊन पडायचा आणि पुढे काही घडायचं नाही.

दादूची हकिगत तिने खळ्यावर सांगितली हे बेलपाड्याला कळायला आठ दिवसही लागले नाहीत. भाऊ येऊन बोलून गेला, अकरा महिने नवऱ्याला बघायला गेली नाही हे आता पनवेलभर झालं म्हणून. ठमाबाईने त्याला भाकरी वाढली. "खरं हाय ते," एवढंच ती म्हणाली. तो जेवला आणि गेला. ती दारात बसून राहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला दादूचं नाव घेताना इकडेतिकडे बघावं लागलं नव्हतं.

चैत्र संपत आला होता तेव्हा एकदा, गिरणी सुटल्यावर, हौसा शेडच्या दारात येऊन उभी राहिली. अंगावर भाताची धूळ, हातात रिकामा डबा.

"मावशी, सोडचिठ्ठी घ्यायची तर कुनाला इचारायचं?"

"तुज्या गावात पंच कोन हाय?"

"काशिराम. त्याचाच चुलता. सासू म्हनते, त्याच्याकडं गेलीस तर घरात घेनार नाय. म्हनते, भगताला परत इचारू."

ठमाबाईने चाळणी उलटी करून झटकली आणि भिंतीला टेकवली. "काशिराम आता घरी असंल?"

"दिवेलागणीला असतो."

"ऊन उतरलंय. चालत गेलो तर वेळेवर पोचू."

"आज? तुजा पाय?"

"पायाचं मी बगते. सासूनं घेतलं नाय तर माजी खोली हाय, दोन मानसं मावतात तिच्यात." तिने डोक्यावरचा भुसा झाडला, लुगडं नीट केलं. "काशिरामसमोर तू बोलायचं. मी बाजूला बसन. तो मधी बोलला तर थांबायचं, आन त्याचं झालं की परत तितनंच सुरू करायचं."

बद्रुद्दीन कुलूप लावत होता. त्याने कुठे म्हणून विचारलं. ठमाबाईने हाताने पळस्प्याची दिशा दाखवली.

गोव्याकडे जाणारे दोन ट्रक धूळ उडवत पुढे गेले. त्या दोघी रस्त्याच्या कडेने, चिंचेच्या सावल्यांतून चालत होत्या. पहिल्या फर्लांगभर हौसा पुढे पुढे जात होती आणि थांबत होती. मग तिला काय ते कळलं असावं. तिने डबा दुसऱ्या हातात घेतला, पाऊल आखूड केलं आणि ठमाबाईच्या डाव्या अंगाला येऊन चालू लागली.